डोंगराकडे तोंड केलेली थाळी

१

साहेबांच्या टेबलावर पांढऱ्या रुमालात एक वितळलेली टोपी ठेवली होती, आणि खोलीतली माणसं तिच्याकडे अशी पाहत होती, जणू ती आता तोंड उघडून कुणाचं तरी नाव घेईल.

टोपी माणसाची नव्हे, अँटेनाची. कारखान्याच्या छतावर नवी थाळी बसवली होती, दोन हात पसरून कवेत न मावणारी. तिच्यासमोर तीन लोखंडी दांड्यांच्या टोकाला मुठीएवढा पितळी कर्णा होता, आणि कर्ण्याच्या तोंडात धूळ-पाणी जाऊ नये म्हणून ही प्लास्टिकची टोपी. काल दुपारपर्यंत ती अंड्यासारखी गुळगुळीत होती. आता तिच्यात अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं आणि भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळून कर्ण्याच्या घशात गोठल्या होत्या. थाळी मुकी झाली होती. आणि थाळी मुकी म्हणजे समोरच्या डोंगरावरचं इस्पितळ मुकं.

"जाळलंय," साहेब म्हणाले. "आपोआप काही होत नाही."

साहेब नवे होते. टेलिफोनच्या कचेरीतून इकडे आलेले. कागद त्यांना तोंडपाठ, अँटेना मात्र अजून पाहुणी. बोलताना ते दाराशी उभ्या असलेल्या डागवाल्याकडे पाहत होते. गॅसच्या बत्तीनं पितळेला डाग देऊन कर्णे जोडणं हे त्याचं काम. काल संध्याकाळी थाळी बंद पडली तेव्हा छतावर तो एकटाच होता, आणि बत्ती पेटलेली होती. शिवाय आठवड्यापूर्वी सगळ्यांदेखत तो बोलून बसला होता, "ही थाळी फार दिवस टिकायची नाही."

"उद्या सकाळी वरच्या कचेरीतून माणूस येतोय," साहेब म्हणाले. "त्याच्यापुढे कागद ठेवायचाय, आणि कागदावर एक नाव लागेल."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेली मोजणीताई पुढे सरकली. डागवाला तिचा धाकटा भाऊ. आईमागे तिनंच त्याला वाढवलं, तिनंच या कारखान्यात आणलं. तीस वर्षं तिनं इथल्या प्रत्येक अँटेनाचा झोत मोजला होता, कुठून किती जातो, कुठून किती निसटतो. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. पुढच्या एक तारखेपासून नव्या मुलींना मोजणी शिकवायला साहेबांनीच तिला परत बोलावलं होतं. पण आज ती आली होती ती वेगळ्या मोजणीला. कागदावर भावाचं नाव लागलं तर काम जाणार होतंच. पण आग लावणारा म्हणून नाव झाल्यावर त्याच्या हातात पुन्हा बत्ती कोण देणार?

"तू केलंस?" तिनं सरळ विचारलं.

"नाही."

"मग आता गप्प बस. तुझं तोंडच तुझं वैरी आहे."

तिनं पेन्सिलीच्या टोकानं टोपी उलटी केली, नाकाशी नेली, पुन्हा ठेवली.

"साहेब, ही टोपी थाळीच्या बाजूनं वितळलीय. बत्तीवाला माणूस थाळीच्या पोटात शिरून उभा राहिला असं म्हणायचं का? आणि बत्तीनं जाळलं तर काजळी कुठंय?"

साहेबांनी रुमालाकडे पाहिलं. रुमाल पांढराशुभ्र होता.

"तो पक्का कारागीर आहे," ते सावकाश म्हणाले. "काजळी न धरता ज्योत कशी ठेवायची, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?"

ताईनं पेन्सिल खाली ठेवली. कारण ती कला तिनंच त्याला शिकायला लावली होती.

२

कोठारात दुपारचं ऊन तिरपं आलं होतं, आणि फळ्यांवर अँटेना झोपल्यासारख्या पडल्या होत्या. ताईला ही खोली नेहमी पाळणाघरासारखी वाटे.

वरच्या फळीवर कर्णे, लहान-मोठे. नळीतून आलेली लाट एकदम उघड्यावर पडली की दचकते आणि अर्धी मागे फिरते. म्हणून नळीचं तोंड हळूहळू रुंद करत न्यायचं, म्हणजे उंबरठा कधी ओलांडला ते लाटेला कळतच नाही. मधल्या फळीवर फटींची नळी होती, चौकोनी पितळी नळीला ओळीनं चिरा. चिरेचिरेतून थोडी थोडी लाट झिरपते आणि बाहेर सगळ्या एकमेकींचा हात धरतात. खाली प्लास्टिकचं जाडजूड भिंग. मधून जाणाऱ्या लाटेला ते जरा थोपवतं, कडेनं लांबून येणारीला गाठू देतं, आणि मग सगळ्या एका रांगेत निघतात.

थाळीची जागा रिकामी होती. या कारखान्यानं आयुष्यभर कर्णे केले, थाळी ही पहिलीच. छोटा कर्णा तिच्याकडे तोंड करून बोलतो, ती ते बोलणं उचलून सरळ डोंगराकडे धाडते. डोंगराकडून आलेलं ती ओंजळीत गोळा करते आणि त्या मुठीएवढ्या तोंडात घालते.

"काल वर काय करत होतास?" ताईनं विचारलं.

"माझा मोठा कर्णा उतरवून एका कोपऱ्यात टाकलाय. त्याचा सांधा उसवला होता, तो जोडत होतो. उन्हाकडे पाठ करून."

"आणि थाळी?"

"माझ्या मागं."

"तिकडे काही दिसलं?"

"त्या थाळीकडे मी बसवल्या दिवसापासून ढुंकूनसुद्धा पाहिलेलं नाही. माझा कर्णा काढून तिला बसवलं, आणि मी तिचं कौतुक करू?"

"कौतुक नको रे. साक्ष हवी होती."

तो खाली मान घालून हातावरचा जुना चटका चोळत राहिला.

"कान तरी उघडे होते की तेही रुसले होते?"

"तिथं एक कबूतर असतं. दांड्यांवर बसून घुमत राहतं दिवसभर. ते एकदम फडफडून उडालं. आणि वास आला."

"कसला?"

"पिसं जळल्याचा. मला वाटलं माझ्या बाहीचा सुटा धागा बत्तीत गेला. बाही पाहिली, तर धड होती." त्यानं वर पाहिलं. "तू माझ्यावर विश्वास ठेवतेस ना?"

"ठेवते. पण साहेबांपुढे बहिणीच्या विश्वासाला कोण विचारतंय? कबूतर कुठल्या दांडीवर बसलं होतं?"

"अगदी टोकाला. टोपीपाशी."

माणूस पाठ करून उभा, बत्ती त्याच्या हातात, आणि जळतंय ते त्याच्या मागं. ताईनं फळ्यांकडे पाहिलं. पण झोपलेल्या अँटेना काही बोलत नव्हत्या.

३

कानवाल्याला कानवाला म्हणत, कारण दिवसभर त्याच्या कानांवर हेडफोन असत. जेवतानाही तो एक कान मोकळा ठेवी आणि एक डोंगराला देई. आज दोन्ही कान उघडे होते, आणि तो उघड्या पायानं रस्त्यावर आल्यासारखा बावरलेला दिसत होता.

"काल आवाज कसा गेला?" ताईनं विचारलं. "फटकन, दिवा मालवल्यासारखा?"

"नाही हो. तेच तर साहेबांना सांगत होतो, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. आधी सळसळ आली."

"सळसळ?"

"वाळलेल्या पानांतून कुणीतरी लांबून चालत यावं, तशी. वरची नर्स औषधांची यादी सांगत होती. सळसळ वाढत वाढत गेली, तिचा आवाज त्यात बुडाला. चारेक मिनिटं गेली असतील. मग खर्र झालं, आणि मग काहीच नाही."

"घड्याळ?"

"पाच वाजून बावीस मिनिटं. वहीत लिहिलंय. मी सगळं लिहितो, कुणी वाचत नाही हा भाग वेगळा."

"मी वाचते. याआधी कधी अशी सळसळ?"

त्यानं पानं उलटली. "परवा. त्याच सुमाराला. पण पुसट होती, आली तशी निघून गेली. त्याआधी काही नाही. आठवडाभर आभाळही धड नव्हतं म्हणा, नुसते ढग. अशा दिवसांत तो डोंगरही झोपाळू बोलतो."

बत्तीची ज्योत हेडफोनमध्ये सळसळत नाही, एवढं ताईला तीस वर्षांनी ठाऊक होतं. मग या थाळीच्या कानात कोण बोललं होतं?

"परवा संध्याकाळी डागवाला छतावर होता?"

"परवा?" कानवाला हसला. "परवा त्यानं सुट्टी घेतली होती. तुमच्याकडेच तर होता, म्हणे तुम्ही त्याच्याकडून माळा साफ करून घेतलात. आज सकाळपर्यंत कंबर धरून फिरत होता."

ताई जागच्या जागी थांबली. परवा भाऊ तिच्या माळ्यावर जुनी ट्रंक ओढत होता, आणि त्याच घटकेला थाळीच्या कानात तेच कुणीतरी सळसळत येऊन गेलं होतं.

४

रंगारी आज सकाळीच कामावर आला होता, बारा दिवसांच्या रजेवरून. मुलीला जुळ्या मुली झाल्या होत्या, आणि तो भेटेल त्याला दोन्ही हातांनी त्यांची लांबी दाखवत होता.

"थाळीला रंग कुठला दिलात?" ताईनं विचारलं.

"मी कुठला देणार? मी होतोच कुठं? तो बघा डबा, सीलसुद्धा तुटलेलं नाही. करडा, बिनचमकीचा. नकाशावर लिहिलेलं आहे तसाच मागवला होता." त्यानं आवाज खाली आणला. "सकाळी साहेबांना म्हटलं, थाळी उतरवा, रंगवून देतो. तर म्हणाले, रंग काय शोभेचा, म्हणूनच न रंगवता चढवली, राहू दे. आता त्यांच्यापुढे मी काय बोलू? मी आपला आजोबा झालोय, मला भांडण नको."

"तुम्ही पाहिलीत थाळी?"

"कशी पाहणार? रात्रीच ताडपत्री टाकलीय तिच्यावर. पुरावा म्हणतात."

खालून तिचा उंच पाठीचा भाग तेवढा दिसे. तोंड डोंगराकडे. कारखान्यातल्या कुणाला ते सहसा दिसतच नसे.

जिन्याखालच्या खोलीतून घासण्याचा आवाज येत होता, आणि त्याच्या ठेक्यावर गाण्याचा. पॉलिशवाली एका कर्ण्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. दहा वर्षांपूर्वी ती इथं आली तेव्हा ताईनंच तिच्या हातात पहिला कापसाचा बोळा दिला होता. आतून घासायचं, असं घासायचं की आत तोंड दिसलं पाहिजे. तेव्हापासून या कारखान्यातून एकही आंधळा कर्णा बाहेर पडला नव्हता.

ती आपल्याच नादात गुणगुणत होती.

घासून घासून, थाळी आरशाची झाली,
डोईवर पाय माझे, आभाळ पायाखाली.

"नवं गाणं?" ताई दारातून म्हणाली.

"अगं बाई, ताई. या ना." ती लाजली. "नवंच. काही नाही, आपलं हाताला चाळा तसा तोंडाला."

"डोईवर पाय कसे गं?"

"मग काय. रंगारी नव्हते ना, तर साहेब म्हणाले, थाळी जरा नीट करून दे, तीन दिवसांनी चढवायची आहे. तीन दिवस घासली. अशी झाली, ताई, की मी समोर उभी राहिले तर मी उलटी. पाय वर, डोकं खाली. हसून हसून पुरेवाट झाली माझी." तिनं अभिमानानं हात पुसले. "तुम्ही शिकवलंय तसंच केलं. तोंड दिसलं."

ताईचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला. तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. पहिलीनं तिचा भाऊ सुटत होता. दुसरी तिनं कुणाला सांगितली नाही.

५

मोजणीची खोली निळी होती. भिंती, छत, जमीन, सगळीकडून मऊ फोमचे हातहातभर लांब निळे काटे आत वळलेले. इथं आलेली लाट त्या काट्यांत शिरते आणि परत फिरत नाही. माणसाचा आवाजही फिरत नाही. ताई मधल्या लाकडी फळीवर बसली. इथं तिला स्वतःचं रक्त ऐकू येई. तीस वर्षं तिनं या निळ्या पाण्याच्या तळाशी घालवली होती, आणि एक तारखेपासून पुन्हा घालवणार होती. ती स्वतःशीच मोठ्यानं एक वाक्य बोलली, तोंड दिसलं पाहिजे, आणि ते वाक्य तोंडातून निघताच विरलं. बाहेरच्या जगात ते तसं विरलं नव्हतं.

ती उठली आणि साहेबांकडे गेली.

"ताडपत्री काढा. टोपीच्या जागी लाकडाची एक चकती बांधा. मग कुणीही थाळीजवळ जायचं नाही. पाच वाजून वीसच्या पुढं दोन-चार मिनिटांत ती चकती जळेल."

"कोण जाळेल?"

"जो काल जाळून गेला तो."

"तो तर तुमचा भाऊ."

"मग तुम्ही त्याचे दोन्ही हात धरून उभे राहा."

पाचला सगळे जिन्याच्या तोंडाशी उभे होते. साहेबांनी खरंच डागवाल्याची मनगटं धरली होती. दोघंही अवघडून भलतीकडेच पाहत होते, जबरदस्तीनं फोटोला उभं केल्यासारखे. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. थाळी मान वर करून डोंगरमाथ्यावरच्या इस्पितळाच्या मनोऱ्याकडे बघत होती, आणि सूर्य त्याच मनोऱ्याकडे उतरत चालला होता, घाई नसलेल्या माणसासारखा.

पाच वाजून अठरा. थाळीच्या पोटात एक कवडसा जन्मला आणि दांड्यांवर चढला.

"साहेब, माझा हात दुखतोय," डागवाला म्हणाला.

"दुखू दे."

पाच वाजून एकवीस. सूर्य मनोऱ्याच्या मागं गेला, जणू मनोरा त्यानं काडीसारखा ओठात धरला. कवडसा लहान होत होत लाकडाच्या चकतीवर येऊन टेकला आणि इतका पांढरा झाला की ताईनं हात डोळ्यांवर धरला. खालून कानवाल्याची हाक आली, "सळसळ येतेय." त्यानं कोठारातला दुसरा पितळी कर्णा चकतीशेजारीच जोडून ठेवला होता, कुणी सांगितलं नसताना.

मग चकतीतून धुराची एक निळसर दोरी उठली. सरळ, शांत, वाऱ्याशिवाय. दोन मिनिटांत लाकडाला काळं भोक पडलं. छतावर थाळीजवळ कुणीही नव्हतं.

साहेबांनी मनगटं सोडली, पण आपले हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

६

"थाळी रोज उन्हात असते," साहेब म्हणाले. "मग रोज का नाही जळत?"

"सूर्य रोज तिच्या नजरेच्या रेषेत येत नाही. वर्षातून दोनदा, चार-सहा दिवस, तो नेमका त्या मनोऱ्यामागं उतरतो. आठवडाभर ढग होते म्हणून वाचलो. परवा आभाळ उघडलं, तेव्हा तो रेषेच्या जरा बाजूनं गेला. काल आणि आज बरोबर मधून. कबुतराची पिसं त्यानंच जाळली."

"आणि सळसळ?"

"सूर्यही बोलतो, साहेब. त्याच्या बोलण्यात आपल्या लाटाही असतात. थाळीला कुठं कळतंय डोंगर कोण आणि सूर्य कोण? जो समोर येईल त्याचं ती गोळा करते. लाटा गोळा करते तसा उजेडही. फक्त उजेड गोळा व्हायला ती आरसा असावी लागते, म्हणून तिला खरखरीत, बिनचमकीचा रंग द्यायचा. आपली लाट तीन बोटं लांब. एवढ्याशा खरखरीला ती ठेचकाळत नाही. उजेडाची लाट इतकी बारीक, की त्याच खरखरीवर तिचे हजार तुकडे होऊन विखुरतात. थाळी ऐकते, पण भाजत नाही."

मागं पॉलिशवाली उभी होती. तिचा चेहरा त्या चकतीसारखा काळवंडला होता.

"पण ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना," ती हळूच म्हणाली, "तोंड दिसलं पाहिजे म्हणून?"

"म्हणाले होते."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त रिकामी जागा बघवत नसे. "म्हणजे नाव बदलायचं," ते पुटपुटले, आणि पॉलिशवालीकडे पाहून त्यांनी टोपण उघडलं.

"नाव माझं लिहा," ताई म्हणाली.

"तुम्ही तर निवृत्त आहात."

"मी झाले. माझं वाक्य झालं नाही. कर्ण्याच्या आत लाट भिंतीच्या कातडीवरून पळते, तिथं खरखर असली की दमते, म्हणून आत चकचकीत हवं. हे मी हिला कधी सांगितलंच नाही. नुसतं म्हटलं, तोंड दिसलं पाहिजे. हिनं कधी का विचारलं नाही, आणि मला ते आवडायचं. न विचारता ऐकणारे हात. घ्या लिहून. चूक शिकवणाऱ्याची."

"ताई," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "असं लिहिलं तर एक तारखेचं काय? असं नाव लागलेली बाई शिकवायला ठेवली, तर वर मी काय सांगू?"

ताईला निळी खोली आठवली, ते काटे, ती शांतता. तिनं पदराला हात पुसले.

"येणार नाही म्हणून सांगा. आणि रंग शोभेचा म्हणून राहू दिला होता, तेही खाली लिहा. लहान अक्षरात चालेल."

साहेबांनी जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून दोन्ही लिहिलं. दुसरं त्यांनी लहान अक्षरात लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरून आलेला माणूस कागद घेऊन गेला, आणि दुपारी ताई, डागवाला आणि पॉलिशवाली छतावर चढली. ताईचे गुडघे पायरीपायरीला कुरकुरत होते. रंगाआधी थाळी खरबरीत करायची होती. रंगाऱ्यानं काचपेपरचे तुकडे कापून दिले आणि जुळ्या मुलींचं सांगायला तो खाली निघून गेला.

पॉलिशवालीचा हात उठेना. तीन दिवसांची मेहनत होती ती.

"पहिला ओरखडा मी काढते," ताई म्हणाली.

"नको," डागवाला म्हणाला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा थाळीकडे नीट पाहिलं, मान तिरकी करून, वाकून. "बरी बनलीय गं," तो कुरकुरत म्हणाला, आणि त्यानं पेपर टेकवला.

तिघं घासत होती. करड्या धुळीनं केस, भुवया, बाह्या, सगळं एकाच वयाचं झालं. थाळीतलं आभाळ हळूहळू धुक्यात गेलं. घासता घासता पॉलिशवालीनं विचारलं, "ताई, लाट तीन बोटांचीच का?" ताईनं हात थांबवला नाही. तिनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं, अगदी नळीपासून, आणि पॉलिशवाली मधे मधे का, का, म्हणून विचारत राहिली. डागवाल्यानं एकदा तक्रार केली की त्याला या शाळेत कुणी बसवलं, पण तो उठला नाही.

रंग सुकायला दोन दिवस गेले. डागवाल्यानं नव्या टोपीसाठी पितळी कडं जोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खालून कानवाल्यानं ओरडून सांगितलं की डोंगर आलाय, आणि नर्स विचारतेय, एवढे दिवस होतात कुठं?

ताईनं भावाकडे पाहिलं, भावानं पॉलिशवालीकडे.

"सांग तिला," पॉलिशवाली जिन्यातून वाकून म्हणाली, "शिकत होतो."